‘संबंध आहे’ म्हणजे ‘कारण आहे’ का? – प्रोस्टेट कॅन्सर आणि एका परजीवीची गोष्ट



एरवी आपण इथे भागाकार, जोडाक्षरं, परिसर अभ्यासातले उपक्रम यावर बोलतो. आजचा विषय मोठ्यांचा आहे आणि थोडा संकोचाचाही आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. पण मागच्या वर्षी आमच्या घरात जे झालं, त्यातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. ती आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहिते. काकूंना विचारून, त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

एक मेसेज आणि बंद झालेलं बोलणं

माझे मोठे काका अडुसष्ट वर्षांचे. गावाकडे शेती, मुलं इथे छत्रपती संभाजीनगरला. दोन-तीन वर्षांपासून काका रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे. "वय झालं की होतंच" असं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग कंबर दुखायला लागली, तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

उपचार सुरू झाले. घर सावरत होतं. तेवढ्यात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एका जंतूमुळे पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सर होतो, असा त्याचा मथळा होता. खाली अमेरिकेतल्या विद्यापीठाचं नाव होतं. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी वाचलं. काकूंनीही वाचलं.

त्या दिवसापासून काकूंनी काकांशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायच्या, गोळ्या द्यायच्या, पण शब्द नाही. मी गेले तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला गं माय. आता म्हातारपणी हे कळायचं राहिलं होतं का?"

काका शेजारच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलंच असणार.

मी त्या रात्री तो मेसेज पुन्हा वाचला आणि मग त्यामागचं खरं काय आहे ते शोधायला लागले. जे समजलं ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: प्रोस्टेट म्हणजे काय?

पुस्तकी मराठीत हिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. फक्त पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी हिच्या मधून जाते. वीर्यातला काही द्रव ही ग्रंथी तयार करते.

वय वाढतं तशी बहुतेक पुरुषांत ही ग्रंथी मोठी होते आणि नळीवर दाब येतो. मग लघवी थांबत-थांबत होते, रात्री उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कॅन्सरमध्येही अशीच लक्षणं दिसू शकतात, आणि सुरुवातीला तर काहीच लक्षण नसतं. म्हणून "वयाचं आहे" हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. त्यासाठी पीएसए नावाची रक्ततपासणी, हाताने केलेली तपासणी, गरज पडली तर एमआरआय आणि शेवटी तुकडा काढून केलेली तपासणी असते. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. नुसत्या सुजेनेही ते वाढतं.

पायरी २: हा परजीवी कोण?

त्याचं नाव ट्रायकोमोनास व्हजायनालिस. आपण मुलांना अमिबा, पॅरामिशियम शिकवतो ना, तसाच हा एकपेशीय जीव. आकार नासपतीसारखा. पुढे चार शेपट्या आणि पाचवी अंगाला चिकटलेली. या शेपट्यांच्या जोरावर तो हलतो. १८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा पाहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १५ कोटी ६० लाख लोकांना याची नव्याने लागण झाली. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नाही. तो जवळजवळ नेहमी शरीरसंबंधातूनच पसरतो.

बाईला झाला तर अंगावरून पिवळट-हिरवट पाणी जाणं, वास, खाज, जळजळ असा त्रास होतो. गरोदरपणात असेल तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही वाढते. पुरुषाला मात्र बहुतेक वेळा काहीच कळत नाही. तो मूत्रनळीत आणि प्रोस्टेटमध्ये गुपचूप राहू शकतो. लागण झालेल्या बऱ्याच बायकांनाही त्रास जाणवत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही जास्त काळ तो लक्षात येत नाही.

चांगली बातमी ही की तो गोळ्यांनी बरा होतो. जुलाबात डॉक्टर देतात ती मेट्रोनिडॅझोल आपल्याला माहीत आहे. १९६० च्या सुमारास ती बाजारात आली ती मुळात याच परजीवीवरचं औषध म्हणून. अट एकच. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. नाहीतर एकाचा बरा झालेला आजार दुसऱ्याकडून परत येतो.

पायरी ३: कॅन्सरचा संशय आला कुठून?

काही आजारांत सूज, म्हणजे डॉक्टर ज्याला दाह म्हणतात, ती वर्षानुवर्षं राहिली की कॅन्सरची शक्यता वाढते. प्रोस्टेटमध्ये बसलेला परजीवी असं करत असेल का, हा प्रश्न संशोधकांना पडला.

२००६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट कॅन्सर झालेले ६९१ पुरुष आणि न झालेले तितकेच. आजार कळण्याच्या आधी साठवलेलं त्यांचं रक्त तपासलं. या परजीवीच्या जुन्या लागणीच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडं, कॅन्सर झालेल्यांत १०० पैकी १३ जणांत सापडल्या. न झालेल्यांत १०० पैकी ९ जणांत.

२००९ साली दुसरा अभ्यास आला. यात एकूण फरक इतका थोडा होता की तो योगायोगही असू शकतो. पण ज्यांचा कॅन्सर ग्रंथीबाहेर पसरला होता त्यांच्यात संबंध जास्त दिसला. आणि त्याच वर्षी तिसरा अभ्यास आला, त्यात काहीच संबंध दिसला नाही.

मग २०१४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅट्रिशिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक गोष्ट दाखवली. हा परजीवी एक प्रथिन बाहेर सोडतो. आपल्याच शरीरातल्या, दाह वाढवणाऱ्या एका प्रथिनासारखं ते असतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या प्रोस्टेटच्या पेशींवर ते टाकलं तर पेशींची वाढ आणि दाहाच्या खुणा वाढल्या. ही बातमी जगभर गाजली. आमच्या ग्रुपवर आलेला मेसेज याच बातमीचं पिल्लू होतं.

पण बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. त्यानंतर माणसांवर झालेल्या अनेक अभ्यासांतही हा संबंध पक्का झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था कॅन्सर घडवणाऱ्या जंतूंची यादी ठेवते. त्या यादीत हा परजीवी नाही.

पायरी ४: रसवंती आणि उन्हाळी

हे मी काकूंना कसं सांगितलं ते सांगते. तुम्हाला वर्गातही वापरता येईल.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे चौकाचौकात रसवंत्या लागतात. त्याच महिन्यांत लोकांना उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते. आता कुणी वहीत नोंद केली की ज्या महिन्यात रसवंत्या जास्त, त्या महिन्यात उन्हाळी जास्त, तर ती नोंद खरीच आहे. पण म्हणून उसाच्या रसाने उन्हाळी लागते का? नाही. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट आहे, ऊन.

दोन गोष्टी एकत्र दिसणं म्हणजे संबंध. एकीमुळे दुसरी होणं म्हणजे कारण. संबंधापासून कारणापर्यंत जायला चार प्रश्न विचारावे लागतात:

१. आधी काय झालं? कारण आधी यायला हवं.
२. वेगवेगळ्या लोकांत, वेगवेगळ्या संशोधकांना तेच दिसलं का?
३. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट नाही ना?
४. कारण काढून टाकलं तर आजार कमी होतो का?

आपल्या परजीवीला हे प्रश्न लावून पाहू. पहिल्यात तो पास होतो, कारण रक्त आजार कळण्याआधीचं होतं. दुसऱ्यात नापास, कारण कुणाला संबंध दिसला, कुणाला नाही. तिसऱ्याचं उत्तर अर्धवट आहे. चौथ्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आणि आता त्या १३ आणि ९ या आकड्यांकडे परत या. कॅन्सर झालेल्या १०० जणांपैकी १३ जणांत खूण होती, म्हणजे ८७ जणांत नव्हती. शिवाय कॅन्सर न झालेल्या ९ जणांत ती होती. मी काकूंना विचारलं, "मग नुसता कॅन्सर झाला म्हणून माणसाला हा जंतू झाला होता, असं म्हणता येईल का?"

काकू हिशोबात पक्क्या आहेत. दुधाचा हिशोब तोंडी करतात. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "नाही म्हणता येणार."

पायरी ५: जिथे संबंध खरा ठरला

याचा अर्थ "जंतूने कॅन्सर होतो हे सगळं थोतांड" असा काढू नका. काही ठिकाणी ते पूर्ण सिद्ध झालं आहे, आणि त्यातली दोन उदाहरणं आपल्या महाराष्ट्राला जोडलेली आहेत.

पहिलं रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जाण्याचं कारण शोधताना शिस्टोसोमा नावाचा परजीवी सापडला. हा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून पाण्यात येतो आणि कातडीतून माणसाच्या अंगात शिरतो. भारतात तो सहसा सापडत नाही, म्हणून गिमवीचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं. लघवीचा त्रास देणारा हा शिस्टोसोमा इजिप्त आणि आफ्रिकेत खूप पसरलेला आहे, आणि तिथल्या अभ्यासांतून त्यामुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालं. तो वर सांगितलेल्या यादीत आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्याचं. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि त्याच्यामुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्याच काळात आपल्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास चालला होता. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त खेड्यातल्या बायका यात सहभागी झाल्या. २००९ साली निकाल आला. ज्या गावांत एचपीव्हीची एकदा तपासणी करून गरज असलेल्यांवर उपचार केले, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. स्वीडन, इंग्लंडसारख्या देशांत मुलींना लस दिल्यावर हा कॅन्सरच कमी झाल्याचं पुढे दिसलं. चारही प्रश्नांत पास!

पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ २०२३ पासून उपलब्ध आहे. मुलगी पाचवी-सहावीत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

पायरी ६: न बोललेलं दुखणं

त्या दिवशी काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांना कित्येक वर्षं अंगावरून पांढरं जायचं. सासूला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. एकदा गावातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, थोडं बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. "म्हणजे तेव्हापासूनच असेल का गं हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "काकू, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पांढरं जाण्याची कारणं पुष्कळ आहेत. काही तर शरीरसंबंधातून येतही नाहीत." नेहमी असणाऱ्या जिवाणूंचा तोल बिघडला किंवा बुरशी वाढली तरी असा त्रास होतो, आणि कसलाही आजार नसताना थोडं पाणी जाणं तर नैसर्गिकच आहे.

पण त्यांचं बोलणं ऐकताना मला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आठवला. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १०० पैकी ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या १०० पैकी फक्त ८. बाकीच्या सहन करत होत्या, आमच्या काकूंसारख्या.

आज जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशा आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी गुप्त ठेवतात. शक्यतो दोघांनी मिळून जावं.

आमच्या घरात काय राहून गेलं

हे सगळं शोधताना मला एक गोष्ट लागली आणि मी स्वतःवरच चिडले.

प्रोस्टेट कॅन्सरचे काही धोके पक्के माहीत आहेत. पहिला वय. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. दुसरा घराणं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर असेल तर त्या पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. काही घरांत बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष चालत येतो, तो स्तनाच्या कॅन्सरशीही जोडलेला आहे.

काकांना दोन मुलं आहेत. थोरला सत्तेचाळीसचा, धाकटा त्रेचाळीसचा. तीन आठवडे सगळं घर त्या परजीवीवर कुजबुजत होतं. जी गोष्ट सिद्ध नाही तिच्यावरून एका म्हाताऱ्या आजारी माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा चालला होता. आणि जी सिद्ध आहे, म्हणजे आता या दोन मुलांनी आपल्या डॉक्टरांना वडिलांचा आजार सांगायला हवा, ती एकानेही काढली नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दादांना फोन केला. थोरला म्हणाला, "मला काय झालंय?" मी म्हटलं, "काही झालेलं नाही, म्हणूनच जा. तपासणी कधी आणि कोणती करायची ते डॉक्टर सांगतील." तो जाऊन आला. धाकटा अजून "जातो, जातो" म्हणतो आहे.

गैरसमज आणि योग्य माहिती

• गैरसमज: प्रोस्टेट कॅन्सर हा गुप्तरोग आहे, जोडीदाराला लागतो.
योग्य माहिती: कुठलाही कॅन्सर असा एकमेकांना लागत नाही. रुग्णाजवळ बसा, एका ताटात जेवा.

• गैरसमज: कॅन्सर झाला म्हणजे माणूस बाहेरख्याली होता.
योग्य माहिती: आजारावरून चारित्र्य ठरत नाही. ज्या परजीवीचं नाव घेतात त्याचा संबंधच अजून सिद्ध नाही.

• गैरसमज: संबंध सिद्ध नाही, मग या परजीवीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.
योग्य माहिती: कॅन्सरचं काहीही असो, गरोदरपण आणि एचआयव्हीच्या दृष्टीने त्याचा उपचार करायलाच हवा. आणि दोघांनी.

• गैरसमज: कॅन्सरच्या भीतीने आपणच मेट्रोनिडॅझोल घेऊन टाकावी.
योग्य माहिती: तपासणीशिवाय नाही. या गोळीने कॅन्सर टळतो असा पुरावा नाही.

वर्गासाठी छोटा उपक्रम

लहान मुलांना यातला आजाराचा भाग सांगायचा नाही, पण विचार करायची पद्धत नक्की शिकवता येते. चौथी-पाचवीच्या मुलांना जोड्या द्या: रसवंती आणि उन्हाळी, छत्र्या आणि बेडूक, मोठी चप्पल आणि भरभर वाचन. प्रत्येक जोडीबद्दल विचारा, "दोन्ही एकत्र दिसतात का? एकामुळे दुसरं होतं का? मग खरं कारण काय?" मोठ्या चपलेच्या जोडीवर मुलं खूप हसतात आणि मग कुणीतरी ओरडतं, "बाई, मोठी मुलं आहेत ती, म्हणून!" तिथे धडा समजला असं समजा.

माता-पालक मेळाव्यात मात्र पांढरं जाणं, एचपीव्हीची लस आणि घरातल्या पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी या तिन्ही विषयांवर जरूर बोला. सुरुवातीला सगळ्याजणी खाली बघतात. मेळावा संपल्यावर चार-पाच जणी थांबतात. माझा तरी असाच अनुभव आहे.

काकूंनी त्या दिवशी निवडलेली मेथी तशीच ठेवून आधी काकांना चहा नेऊन दिला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, दार लोटलेलं होतं. काकांचे उपचार चालू आहेत. दर तीन महिन्यांनी पीएसए करायला येतात तेव्हा आता काकू बरोबर असतात, आणि रिपोर्टची फाईल त्यांच्याच पिशवीत असते.

ग्रुपवर असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी ते चार प्रश्न एकदा विचारून बघा. तो मेसेज कुणाच्या तरी घरात वाचला जाणार आहे.